लादी पुसली, फिनाईल मारलं, तरी शूचा वास का जात नाही?

हेडफोन लावून लोकलमध्ये ऐकत असाल, तर आजचा विषय ऐकून शेजारच्याकडे बघून हसू नका. आज बोलायचंय मांजराच्या आणि कुत्र्याच्या शूबद्दल. हो, शूबद्दलच.

हसण्यासारखा वाटतो, पण विषय साधा नाही. भाड्याच्या घरात वास आला की घरमालक डिपॉझिट कापायची भाषा करतात, घरची मोठी माणसं म्हणतात, "सोडून या त्याला कुठेतरी." एका वासापायी मुक्या जिवाचं घर जातं. माझ्याकडे एक बोका आणि एक कुत्री आहे, त्यामुळे हा प्रकार मला रोजचा. म्हणून आज नीट समजून घेऊ.

आधी कारण. ताज्या शूला वास तसा कमी असतो. तिच्यात युरिया असतो. जिवाणू तो फोडतात आणि अमोनिया तयार होतो. नाकात झोंबतो तो हाच. मांजराच्या शूमध्ये आणखी एक पदार्थ असतो, फेलिनीन. तो हळूहळू फुटतो आणि त्यातून गंधकाची उग्र वासाची संयुगं निघतात. नसबंदी न केलेल्या बोक्यात फेलिनीन जास्त, म्हणून त्याचा वास जास्त. पाणी उडून जातं, बाकी सगळं गादीत नाहीतर फटीत वाळून बसतं. पावसाळ्यात हवा दमट झाली की वास परत डोकं वर काढतो.

आता लक्षात येईल, फिनाईलने काय होतं ते. एका वासावर दुसरा वास चढतो, बस्स. आपल्याला पाइनचा वास येतो, पण जनावराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण. त्याला खालची खूण कळते आणि ते पुन्हा तिथेच जातं. शिवाय काळ्या फिनाईलमधले फिनॉलसारखे पदार्थ मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत. ओल्या लादीवर चालून तेच पंजे ते चाटतं. मांजर असलेल्या घरात काळं फिनाईल नकोच.

मग करायचं काय?

डाग ताजा असेल तर टिपून घ्या, घासू नका. घासलं की शू आत जाते आणि पसरते. जुना टॉवेल ठेवा, त्यावर उभे राहा, कोरडा भाग फिरवत राहा. मग थोडं गार पाणी घालून पुन्हा टिपा. गरम पाणी आणि वाफ नको, उष्णतेने डाग पक्का बसतो.

त्यानंतर एन्झाइम क्लीनर. पेट शॉपमध्ये मिळतो, ऑनलाइनही मिळतो. एन्झाइम आणि त्यातले उपयोगी जिवाणू शूमधले पदार्थच तोडतात. त्यांना वेळ लागतो. स्प्रे मारून लगेच पुसलं तर पैसे वाया. शू जिथवर मुरली तिथवर औषध पोचलं पाहिजे, म्हणून गादीवर आणि सोफ्यावर सढळ हाताने ओता. वर दिसणाऱ्या डागापेक्षा आतला डाग मोठा असतो. बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ ओलं राहू द्या, मग पंख्याखाली नाहीतर उन्हात वाळवा. आधी तिथे फिनाईल किंवा ब्लीच मारलं असेल तर ते साध्या पाण्याने काढून टाका, नाहीतर एन्झाइमचं कामच होत नाही.

लादीचं काय? व्हिट्रिफाइड टाइलमध्ये शू मुरत नाही, पण दोन टाइलांमधल्या सिमेंटच्या सांध्यात मुरते. तिथे क्लीनर घालून जुन्या टूथब्रशने घासा. शहाबादी, कडप्पा किंवा संगमरवर असेल तर व्हिनेगर आणि लिंबू अजिबात नको. हे सगळे चुन्याचे दगड, आंबटाने त्यांची चकाकी कायमची जाते.

एन्झाइम क्लीनर मिळत नसेल तर केमिस्टकडचं हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. आपल्याकडे ते अनेकदा 6 टक्क्यांचं मिळतं, बाटलीवर "20 व्हॉल्यूम" असं लिहिलेलं असतं. त्यात तेवढंच पाणी घाला, म्हणजे 3 टक्के होईल. डागावर खाण्याचा सोडा भुरभुरा, वर हे पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. हातमोजे घाला. रंगीत कापडाचा रंग उडू शकतो, आधी कोपऱ्यात करून बघा. उरलेलं मिश्रण बाटलीत बंद करून ठेवू नका, आत वायू साठून बाटली फुटू शकते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शूवर ब्लीच टाकू नका. अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरामाइन नावाचा विषारी वायू निघतो. ब्लीच आणि टॉयलेट साफ करायचं ॲसिड एकत्र आलं तर क्लोरीन. बंद बाथरूममध्ये हे जिवावर बेतू शकतं.

वास येतो पण जागा सापडत नाही? छोटा यूव्ही टॉर्च घ्या, रात्री दिवे बंद करा, जुने डाग चमकतात. डिटर्जंटही चमकतो, म्हणून नाकाने खात्री करा.

आणि शेवटचं. नीट सवय असलेलं जनावर अचानक घरभर शू करायला लागलं, तर ते चिडून करतंय असं समजू नका. मूत्रमार्गाचा संसर्ग, खडा, मधुमेह, काहीही असू शकतं. बोका सारखा बसतोय, जोर लावतोय आणि शू होत नाहीये, तर त्याच क्षणी डॉक्टर गाठा. मार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. मांजरं एकाहून जास्त असतील तर जेवढी मांजरं त्याहून एक जास्त लिटर बॉक्स ठेवा, आणि रोज साफ करा.

घरात कुणी "सोडून या त्याला" म्हणत असेल, तर हा भाग त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत तुमच्या मनीला आणि मोत्याला माझ्याकडून एक गोंजारणं!