आधी वाचा, मग अडवा

लॉगिनच्या चौकटीत नावाच्या जागी कुणी एसक्यूएलचा तुकडा लिहून पाठवला, तरी नेटवर्कची साधी फायरवॉल हरकत घेत नाही. ती पत्ते आणि पोर्ट तपासते. 443 क्रमांकाचं पोर्ट तर वेबसाइटला उघडं ठेवावंच लागतं. आतला मजकूर वाचायला वेगळी यंत्रणा लागते, ती म्हणजे वेब अ‍ॅप्लिकेशन फायरवॉल. स्वतःच्या सर्व्हरवर फुकट बसवता येणाऱ्यांपैकी जुनीजाणती म्हणजे मॉडसिक्युरिटी.

इव्हान रिस्टिच यांनी 2002 मध्ये अपाची सर्व्हरचं मॉड्यूल म्हणून ती आणली. मालकी बदलत 2010 मध्ये ट्रस्टवेव्हकडे गेली आणि जानेवारी 2024 मध्ये ओवॉस्प या ना-नफा संस्थेकडे आली.

डेबियन किंवा उबुंटूवर ती बसवणं हे दोन पॅकेजांचं काम आहे. एक इंजिनाचं, दुसरं कोअर रूल सेटचं. इंजिन एकटं काहीच ओळखत नाही. संशयास्पद काय, ते हे नियम सांगतात. पण सहसा एखादा नियम जुळला म्हणून विनंती लगेच अडत नाही. गंभीर नियमाला 5 गुण, इशारावजा नियमाला 3, अशी बेरीज होत जाते आणि ती 5 वर पोचली की पाहुण्याला 403 हा नकाराचा संदेश दिसतो. म्हणजे गंभीर नियम एकच जुळला तरी पुरे.

नियमांच्या कडकपणाच्या चार पातळ्या आहेत आणि सुरुवातीला पहिलीच चालू असते. नव्या माणसाला वाटतं, जास्त कडक ते जास्त सुरक्षित. मराठी साइटवाल्याने हा मोह मुळीच धरू नये. तिसऱ्या पातळीवर 920272 क्रमांकाचा गंभीर नियम जागा होतो आणि साध्या इंग्रजी टंकातल्या चिन्हांपलीकडचा बाइट दिसला की 5 गुण देतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये असल्याच तीन बाइटांनी बनतं. तक्रार अर्जात कुणी ‘पाणी येत नाही’ एवढं लिहिलं, तरी तो हल्लेखोर ठरतो!

म्हणूनच मॉडसिक्युरिटीच्या शिफारशीच्या फाइलमध्ये इंजिन ‘डिटेक्शनओन्ली’वर ठेवलेलं असतं: नोंद करायची, अडवायचं नाही. खरं काम इथे सुरू होतं. साइटवर नेहमीची वर्दळ चालू द्यायची, लॉग वाचायचा, कोणत्या रकान्यावर कोणता नियम खोटा गजर देतो ते शोधायचं. मग अख्खा नियम न काढता तेवढ्या पानावरच्या तेवढ्या रकान्यालाच सूट द्यायची. काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही. ऑडिट लॉगमध्ये लोकांचे पासवर्डही उतरू शकतात, तेव्हा ती फाइल कुणाला वाचता येते, हेही पाहावं.

या पहारेकऱ्याला अधिकार किती द्यायचे, हा प्रश्न मात्र लॉगमध्ये दिसत नाही. 2019 मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेतून सुमारे 10 कोटी 60 लाख लोकांची माहिती गेली, ती अशाच वेब फायरवॉलच्या चुकीच्या मांडणीतून. ती फायरवॉल मॉडसिक्युरिटीच होती, असं पत्रकार ब्रायन क्रेब्स यांनी लिहिलं. हल्लेखोराने तिच्याकरवी क्लाउडची तात्पुरती ओळखपत्रं मिळवली. त्या ओळखपत्रांना माहितीची नको इतकी कपाटं उघडता येत होती. बँकेला 8 कोटी डॉलर दंड झाला.

रोज लॉग वाचणारा माणूस नसेल, तर पहिल्या पातळीवरच थांबावं आणि साइटचं मूळ सॉफ्टवेअर वेळेवर अद्ययावत करावं.