दर विचारूनच बसा!

कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोन रुपयांची घासाघीस करणाऱ्या आपण, इंटरनेटच्या दुकानात मात्र मागतील तेवढे पैसे मुकाट्याने काढून देतो. तिथेही दर विचारायचा असतो, हे पुष्कळजणींच्या ध्यानातच येत नाही. शिवाय नुसता आकडा विचारून भागत नाही. तो आकारतात कसा, तेही पाहावं लागतं. तिथे कोण जाणार आणि किती वेळ बसणार, हे बरंचसं त्यावरच ठरतं.

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ रोजी. घरी जोडणी घ्यायची तर वर्षाला हजारो रुपये लागत. म्हणून पुढे गावोगावी सायबर कॅफे निघाले. तिथला दर तासावर, म्हणजे टॅक्सीच्या मीटरसारखा. गाडी सिग्नलला उभी राहिली तरी आकडा सरकायचाच! लोक पत्राचा मजकूर घरूनच लिहून नेत आणि निकाल पाहिला की ताडकन उठत. सवय असलेल्याचं काम पंधरा मिनिटांत होई, पण पहिल्यांदाच बसलेल्या बाईला त्याच कामाला तास लागे. म्हणजे नवशिकीला चौपट भुर्दंड! मग ती म्हणायची, "जाऊ दे बाई, मुलगाच करील." आणि तिचं शिकायचं राहून जायचं ते जायचंच.

रेल्वे स्थानकांवर याच्या उलट पाहायला मिळालं. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला गूगल आणि रेलटेल यांनी मोफत वाय-फाय सुरू केलं आणि पुढे ते चारशेच्या वर स्थानकांवर पोचलं. एर्नाकुलम स्थानकावरच्या एका हमालाने ओझी वाहता वाहता त्यावर धडे ऐकले आणि २०१८ साली केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा पास केली. तासाला पैसे पडते, तर त्या बिचाऱ्याने इतका अभ्यास केला असता का?

पुढे मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि २०२० साली गूगलने आता याची पूर्वीइतकी गरज नाही म्हणून अंग काढून घेतलं. रेलटेलने सेवा चालू ठेवली. मार्च २०२१ मध्ये त्यांनी दर लावले: रोज पहिला अर्धा तास फुकट, पुढे दहा रुपयांत दिवसभरासाठी पाच जीबी. दहा रुपये म्हणजे काही जास्त नाहीत. पण ते भरायचे ऑनलाइन! जिच्या फोनवर स्वतःचं खातंच नाही, तिच्यासाठी दहा रुपयेही लांबच.

तिसरी रीत दर कामामागे पैसे घेण्याची. २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे अर्ज निघाले, तेव्हा बाईला अर्ज मोफत होता. भरून देणाऱ्या अंगणवाडी सेविका वगैरेंना दर पात्र अर्जामागे ५० रुपये सरकारने द्यायचे ठरवले होते. या रीतीत घड्याळाची धास्ती नाही, ही सोय मोठी. मात्र सगळं दुसऱ्याच्या हातून होतं. आपली बोटं कोरडीच राहतात.

तेव्हा मैत्रिणींनो, एवढं लक्षात ठेवा. बसण्याआधीच विचारा, पैसे तासावर की कामावर? दर तासावर असेल तर कागदपत्रं, फोटो, जन्मतारखा घरूनच नीट लावून न्या. कामावर असेल तर अर्ज दुकानदाराने भरला तरी शेजारी बसून पडद्याकडे बघा आणि पावती मागून घ्या. फुकटच्या वाय-फायवर वाचा, शिका. बँकेचे व्यवहार मात्र तिथे नकोत.

आणि गावच्या वाचनालयात संगणक असेल, तर महिला मंडळातर्फे एक मागणी जरूर करा: आठवड्यातून दोन दुपारी बायकांना तो विनामूल्य वापरू द्यावा. मीटर बंद असला, की चुकायची भीती राहत नाही. आणि चुकल्याशिवाय शिकलंय कोण?