एकवीस चौकोन

आषाढीच्या आठवड्यात आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत कळलं, की तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना स्तनाचा कर्करोग झालाय आणि केमो सुरू होतेय. सोळा बिऱ्हाडांची इमारत. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या दाराशी डब्यांची रीघ लागली. एकादशीला तीन घरांतून साबुदाण्याची खिचडी गेली, द्वादशीला चार घरांतून वरण. मग दोन दिवस कुणीच काही दिलं नाही, कारण प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं दिलं असेल.

त्याच आठवड्यात रात्री साडेदहाला वहिनींच्या सासूबाई मला जिन्यात भेटल्या. हातात गाठ मारलेली पिशवी. उरलेलं अन्न कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून त्या एवढ्या रात्री खाली निघाल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, अन्न टाकणं जिवावर येतं. पण नको तरी कुणाला म्हणू?"

करणारे हात पुष्कळ होते, पण त्या घराला 'नको' म्हणायला जागा नव्हती. ती जागा करून द्यायची, म्हणून डब्यांच्या पाळ्या लावायचं काम मी अंगावर घेतलं.

घरात कुणी गेलं की शेजारी पिठलं-भात पोचवतात. बाळंतिणीला डिंकाचे, अळिवाचे लाडू जातात. त्यासाठी कुणाला सांगावं लागत नाही. पण हे सगळं थोड्या दिवसांचं असतं. वहिनींचा उपचार एकवीस दिवसांच्या आठ फेऱ्यांचा होता, म्हणजे जवळपास सहा महिने. नुसत्या उमाळ्यावर सहा महिने निघत नाहीत.

वहिनींना थेट काही विचारायचं नाही, हे आधी ठरवलं. आजारी माणूस समोरच्याचं मन राखायला "काहीही चालेल" म्हणतो. त्यांच्या कल्याणच्या नणंदेशी मी दर शनिवारी फोनवर बोलायची. खाणारी तोंडं चार: वहिनी, भाऊजी, दहावीतला मुलगा आणि मधुमेह असलेल्या सासूबाई, म्हणजे आमच्या आजी. सकाळचा स्वयंपाक आजी स्वतः करत. तो त्यांच्याकडेच राहू द्यायचा, असं आम्ही ठरवलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या हातून तिचं स्वयंपाकघर काढून घेतलं, तर तिला दिवसभर काळजीशिवाय काय उरलं असतं? डबा फक्त रात्रीचा.

पाळी मांडायला मी जुलैचं कालनिर्णय घेतलं. त्याच्या चौकोनात आपण दुधाचे खाडे मांडतोच, मी घरांचे नंबर मांडले. एकादशी, चतुर्थी समोरच दिसते, त्यामुळे खिचडीचा घोळ पुन्हा झाला नाही. पानाचा फोटो दर रविवारी सगळ्यांना मोबाइलवर जायचा.

खरं शिक्षण एका फेरीच्या त्या एकवीस चौकोनांनी केलं. त्यांचे तीन भाग पडतात. केमोनंतरचे पहिले चार-पाच दिवस मळमळीचे. जिन्यातून आलेला लसणाच्या फोडणीचा वासही वहिनींना सहन होत नसे. गरम अन्नाला वास जास्त येतो, म्हणून मऊ भात, मेतकूट, तूप, तेही कोमट. पाणी, वरण, सगळ्याला धातूची चव लागायची. भाऊजींनी स्टीलचा चमचा बदलून प्लॅस्टिकचा आणला, तेव्हा चार घास जास्त गेले. तळमजल्यावरच्या काकूंनी त्या दिवसांत फोडणी करताना दार लावून घ्यायला सुरुवात केली. त्यांची डब्याची पाळी नसली, तरी ही मदतच होती.

दुसऱ्या आठवड्यात नियम उलटे. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात आणि जंतुसंसर्गाचं भय असतं. डॉक्टरांनी कच्चं काहीही देऊ नका म्हणून सांगितलं होतं. कोशिंबीर बंद, चटणी बंद. सगळं ताजं आणि वाफाळतं. सर्वांत जड गेलं ते कोथिंबीर सोडणं. भाजी झाली की वरून कोथिंबीर भुरभुरवायला हात आपोआप जातो. मी चौकोनात त्यासाठी हिरव्या पेनाने फुली मारायची. तोंड आलेलं असायचं, म्हणून तिखट आणि आंबटही नाही.

भात डब्यात पाठवायचाच नाही, असं ठरलं. शिजलेला भात बाहेर राहिला, तर त्यातले काही जिवाणू असं विष तयार करतात, की भात पुन्हा गरम केला तरी ते जात नाही. भात त्यांच्याच घरी ऐनवेळी कुकरला लागायचा, मऊ हवा तेव्हा मऊ. डब्यात नऊ पोळ्या, एक भाजी, वरण किंवा उसळ. दोन भाज्या नाहीत, गोड नाही.

तिसऱ्या आठवड्यात भूक परतायची. वहिनी मूळच्या मालवणकडच्या. मग मुगाची उसळ, अंडी, माशाचं कालवण. मुलासाठी कुणीतरी वेगळी अंडाकरी द्यायचं, कारण दोन आठवडे आईच्या पथ्याचं खाऊन तो गप्प गप्प झालेला असायचा.

साडेसातला पिशवी दाराच्या कडीला अडकवायची, एक मिस्ड कॉल द्यायचा, निघायचं. बेल नाही, "आता कसं वाटतंय" नाही. मुंबईचे डबेवाले डब्यावरच्या खुणांवर काम करतात. आम्हीही झाकणावर घराचा नंबर रंगवला. दुसऱ्या मजल्यावर एकटा राहणारा मुलगा स्वयंपाक करत नसे. त्यानं रोज सकाळी रिकामे डबे घरोघर पोचवायचं काम घेतलं.

हे रिकामे डबेच आजींना सलत होते. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. पहिल्या महिन्यात त्या दुखऱ्या गुडघ्यांनी उभ्या राहून डबे भरायला वड्या करत होत्या. मी जाऊन म्हटलं, "आजी, उपचार संपेपर्यंत डबा रिकामाच घ्यायचा, असं सगळ्या घरांनी ठरवलंय." खरंच तसं ठरवून घेतलं होतं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग हातातली परात खाली ठेवली. देणाऱ्याला दिल्याचं समाधान तिथल्या तिथे मिळतं. घेणाऱ्याच्या मनावर मात्र रोज एक डबा चढत जातो. तो उतरवणं हे या कामाचं मर्म आहे, असं मला त्या दिवसापासून वाटतं.

गणपतीत अर्धी इमारत कोकणात गेली आणि चौकोन रिकामे पडले. तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या तमिळ कुटुंबानं सलग पाच दिवस उचलले. त्यांचं बिनतिखटाचं रसम वहिनींना इतकं गेलं, की पुढच्या प्रत्येक फेरीत त्याचा चौकोन पक्का झाला. दिवाळीपर्यंत डबा देणारी नऊच घरं उरली. कुणाला मी जाब विचारला नाही. नऊ घरांना नऊ दिवसांनी एक पाळी, तेवढं पेललं.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आजी माझ्याकडे आल्या. भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर उभ्या राहिल्या, चष्मा सारखा करून उद्याच्या चौकोनावर बोट ठेवलं.

"इथे खाडा मांड. सुनेनं बांगडे आणायला सांगितलेत. कालवण ती करणार आहे."

मी पेन त्यांच्याच हातात दिलं.