विठ्ठलवाडी : दोन शहरांच्या सीमेवरील भिंती

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर कल्याण सुटल्यानंतर लागणारे पहिले स्थानक म्हणजे विठ्ठलवाडी. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ५६ किलोमीटर अंतरावर असलेले हे स्थानक कल्याण-डोंबिवली आणि उल्हासनगर या दोन महापालिकांच्या हद्दी जेथे भिडतात त्या पट्ट्यात आहे, आणि राज्य परिवहन महामंडळाचे आगारही येथेच असल्यामुळे उपनगरी गाडी व एस.टी. या दोहोंच्या प्रवाशांच्या तोंडी त्याचे नाव असते. प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत ते बसणारे नसले, तरी रस्त्यावरची चित्रकला आणि शहराचे छायाचित्रण यांनी समाजाविषयी काय बोलावे, या प्रश्नाचा विचार करण्यास याहून योग्य परिसर ठाणे जिल्ह्यात शोधावा लागेल.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आसरा देण्यात आला. या वसाहतीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी, गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते, उल्हासनगर हे नाव मिळाले. शहराचे भाग आजही ‘कॅम्प’ या शब्दाने आणि क्रमांकाने ओळखले जातात. बराकींच्या जागी इमारती आल्या, घरांतून कारखाने निघाले, जीन्सच्या कापडाचा मोठा धंदा उभा राहिला आणि त्यासाठी कामगार दूरदूरहून येथे आले.

या उद्योगांचा हिशेब वालधुनी नदीने चुकता केला आहे. शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० मधील शिलालेख असलेले अंबरनाथचे शिवमंदिर ज्या वालधुनीच्या काठी शिल्पांनी भरून उभे आहे, तीच नदी पुढे उल्हासनगर ओलांडून कल्याणकडे येते, आणि या काही किलोमीटरांत कारखान्यांचे सांडपाणी व वस्त्यांचे मैलापाणी घेत ती नाल्यासारखी होते. जीन्सधुलाईच्या रंगाने तिचे पाणी रंगलेले येथील रहिवाशांनी वर्षानुवर्षे पाहिले. २६ जुलै २००५ च्या महापुरात हिच्या काठच्या वस्त्या बुडाल्या. २०१४ च्या अखेरीस पात्रात सोडलेल्या रसायनांतून निघालेल्या वायूमुळे उल्हासनगरातील शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. ‘वनशक्ती’ या संस्थेने उल्हास व वालधुनीच्या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली.

एवढा इतिहास उशाशी असलेल्या भागातील भिंतींनी त्याविषयी बोलावे, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. महाराष्ट्रातील बहुतेक शहरांत मात्र २०१६ पासून दरवर्षी होणाऱ्या स्वच्छ सर्वेक्षणाच्या निमित्ताने रंगणाऱ्या भिंतींवर कचरापेटी, झाड, घोषवाक्य आणि वारली शैलीतील नाचणाऱ्या आकृती यांचीच आवर्तने दिसतात. ज्या वारली चित्रांत आदिवासींचे लग्नविधी, शेती आणि श्रम येतात, ती येथे केवळ नक्षी म्हणून वापरली जातात, ही त्या कलेची उपेक्षाच होय. परवानगीवाचून सार्वजनिक भिंत रंगवणे मालमत्ता-विद्रूपणाविरुद्धच्या १९९५ च्या राज्य कायद्यानुसार गुन्हा ठरत असल्याने कलाकाराला यंत्रणेच्या संमतीनेच काम करावे लागते, आणि मग ज्या नदीच्या दुरवस्थेला तीच यंत्रणा अंशतः जबाबदार आहे, ती नदी भिंतीवर येण्याची शक्यता उरत नाही.

संमतीने झालेले काम बोथटच असते असे मात्र नाही. १८७५ मध्ये बांधल्या गेलेल्या कुलाब्याच्या ससून डॉकमध्ये ‘स्टार्ट इंडिया’ या संस्थेने २०१७ साली भरवलेल्या कलाप्रकल्पात फ्रेंच कलावंत जेआर याच्या ‘इनसाइड आउट’ उपक्रमांतर्गत तेथील कोळी आणि गोदीतील कष्टकरी यांची कृष्णधवल व्यक्तिचित्रे मोठ्या कागदांवर छापून खळीने भिंतींवर चिकटवण्यात आली. छायाचित्र आणि रस्त्यावरची कला येथे एकच झाली आणि जे रोज मासळी उतरवतात त्यांचेच चेहरे त्या वास्तूवर दिसले. याउलट, त्याच सुमारास घाटकोपरजवळच्या असल्फा टेकडीवरील घरे ‘चल रंग दे’ उपक्रमातून रंगवली गेली तेव्हा मेट्रोतील प्रवाशांना वस्ती सुंदर दिसू लागली, रहिवाशांना त्याचा अभिमानही वाटला; परंतु पाणी, शौचालय आणि दरडीचा धोका यांविषयी रंगाने काही सांगितले नाही. भाष्य आणि सजावट यांतील अंतर या दोन उदाहरणांवरून कळते.

नागरी छायाचित्रण, म्हणजे शहरातील माणसे व त्यांचे रोजचे व्यवहार मांडणी न करता टिपण्याची पद्धत, याच अंतरावर लक्ष ठेवते. ब्राझीलचे छायाचित्रकार सेबास्तियाव साल्गादो यांनी १९९५ मध्ये चर्चगेट स्थानकावर घेतलेल्या प्रसिद्ध छायाचित्रात गर्दी धुरासारखी वाहताना दिसते, आणि उपनगरी प्रवासाचा माणसांवर पडणारा भार त्यातून जाणवतो. मुंबईच्या सफाई कामगारांचे काम आणि त्यांची घरे दीर्घकाळ टिपणारे, २०१६ मध्ये पद्मश्री मिळालेले सुधारक ओलवे यांनी मात्र गर्दीतून एकेका माणसाला वेगळे केले. त्यामुळे त्यांच्या छायाचित्रांतील कामगार दयेचा विषय न होता आपल्या हक्काची मागणी करणारा नागरिक ठरतो. विठ्ठलवाडीला दोन्ही दृष्टींची गरज आहे, पण दुसरीची अधिक. कारण येथे सकाळच्या गाडीला लोंबकळणारा माणूस आणि नदीकाठी राहणारा माणूस बहुधा एकच असतो. अशा माणसाचे छायाचित्र भिंतीवर लावण्यापूर्वी त्याची संमती घेणे ही औपचारिकता नसून कामाचा पाया आहे.

पुढच्या सर्वेक्षणासाठी भिंती रंगवण्याचे काम निघेल तेव्हा कल्याण-डोंबिवली व उल्हासनगर महापालिकांनी आणि रेल्वे प्रशासनाने विठ्ठलवाडी परिसरातील निदान एक लांब भिंत घोषवाक्यांसाठी न देता येथील रहिवाशांच्या छायाचित्रांसाठी आणि वालधुनीच्या इतिहासासाठी राखून ठेवावी, व तिच्यावर काय असावे हे ठरवताना नदीकाठच्या वस्त्यांना बैठकीला बोलवावे.