एक किलोचा ‘स्वयम्’

22 जून 2016 रोजी सकाळी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या पीएसएलव्ही-सी34 रॉकेटवर 20 उपग्रह होते. मुख्य मानकरी होता 727.5 किलो वजनाचा कार्टोसॅट-2 मालिकेतला उपग्रह. बाकीच्यांत पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या (सीओईपी) विद्यार्थ्यांनी घडवलेला ‘स्वयम्’ होता. जेमतेम एक किलोचा, दहा सेंटिमीटर बाजूचा ठोकळा.

मोठा उपग्रह चढवूनही रॉकेटची थोडी ताकद उरते. तिच्यावर छोटे प्रायोगिक उपग्रह नेण्याची रीत जुनी. अमेरिकी हौशी रेडिओचालकांचा ऑस्कर-1 1961 मध्ये रॉकेटवरचे समतोलाचे वजन काढून त्या जागी बसवला होता. इस्रोने 1999 मध्ये ओशनसॅटसोबत कोरिया आणि जर्मनीचे छोटे उपग्रह नेले. एसटीच्या टपावरच्या पार्सलासारखाच हा मामला: वेळ आणि मार्ग गाडीचा. मुख्य उपग्रहाला धक्का लागता कामा नये, ही अट तर सगळ्यांत कडक.

एवढ्या जागेत आणि तुटपुंज्या विजेवर काय साधते, याचे ‘स्वयम्’ हे नेटके उदाहरण आहे. अवकाशात सुटलेला ठोकळा गटांगळ्या खात राहिला तर त्याचा अँटेना भलतीकडेच तोंड करतो. मोठे उपग्रह फिरत्या चाकांनी किंवा इंधनाच्या झोतांनी स्वतःला सावरतात. ‘स्वयम्’मध्ये कायमचुंबक होता, होकायंत्राच्या सुईप्रमाणे तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळतो. सोबतच्या खास मिश्रधातूच्या कांड्या डोलणे हळूहळू जिरवतात. या साऱ्याला वीज अजिबात लागत नाही. संदेश घेऊन ते दुसऱ्या ठिकाणी पोचवणे, हे त्याचे हौशी रेडिओचालकांसाठीचे काम. सुमारे 500 किलोमीटर उंचीवरून त्याचा आवाका मोठा होता: धाराशिव जिल्ह्यातल्या बेंबळीच्या डोक्यावर असतानाही तो पुण्याच्या टप्प्यात येई.

त्याच वर्षी 26 सप्टेंबरला पीएसएलव्ही-सी35 वरून आयआयटी मुंबईचा दहा किलोचा ‘प्रथम’ गेला, आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची मोजणी करायला. या खेपेस मुख्य उपग्रह स्कॅटसॅट-1 ला 720 किलोमीटरवर सोडल्यावर रॉकेटच्या चौथ्या टप्प्याचे इंजिन पुन्हा चालवून ‘प्रथम’ आणि इतरांना 670 किलोमीटरच्या कक्षेत उतरवले गेले. म्हणजे टपावरच्या पार्सलालाही वेगळा थांबा मिळाला.

आता प्रत्येक प्रयोगासाठी स्वतंत्र उपग्रह बांधावाच लागतो असेही नाही. काम संपलेला चौथा टप्पाच इस्रो ‘पोएम’ नावाने प्रयोगांचा ओटा म्हणून वापरते. डिसेंबर 2024 च्या पीएसएलव्ही-सी60 मोहिमेत अशा ओट्यावर 24 प्रयोग होते. मुंबईच्या ॲमिटी विद्यापीठाचा पालकाच्या पेशींवरचा प्रयोग त्यांपैकीच एक.