फत्तेमारीचे माप

रत्नागिरीत वाढलेल्या माणसाला गलबताचे अप्रूप नसते. मिरकरवाडा, राजिवडा, भाट्याची खाडी, वर जयगड, खाली पूर्णगड. जिकडे जावे तिकडे काहीतरी तरंगत असते. मला मात्र या तरंगणाऱ्या वस्तूंच्या आकाराचे वेड फार जुने आहे आणि त्यातूनच जहाजांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती करण्याचा नाद लागला. या नादात एक गोष्ट सतत सलत राहिली. जगभरचे छंदिष्ट नेल्सनची 'व्हिक्टरी' बांधतात, चहाची वाहतूक करणारी 'कटी सार्क' बांधतात. मग मीठ, नारळ, कौले, लाकूड घेऊन आपला सारा किनारा पालथा घालणारी शिडाची फत्तेमारी कोणाच्याच कपाटात का दिसत नाही? रत्नागिरीत राहून पहिले मॉडेल करायचे, तर ते फत्तेमारीचे का नको?

उत्तर सापडले ते कागदात, म्हणजे खरे तर कागदाच्या अभावात. प्रतिकृतीला आधी आराखडा लागतो. तो नसेल तर हाती येते ती शोभेची वस्तू. दिवाणखान्यात ती छान दिसते, पण तिच्या मापाची ग्वाही कोणी देऊ शकत नाही.

प्लास्टिकच्या किटचा इतिहास इथे दोन वाक्यांत आटोपतो. 1952 साली इंग्लंडमधल्या एअरफिक्सने दोन शिलिंगांना ड्रेकच्या 'गोल्डन हाइंड'चे छोटे किट वूलवर्थच्या दुकानांत आणले आणि हा छंद सामान्य घरांत शिरला. जपानच्या तामियाने लाकडी मॉडेलांपासून सुरुवात करून 1960 च्या सुमारास प्लास्टिकची वाट धरली आणि अचूकपणाची पातळी कुठल्या कुठे नेली. ही किटे उत्तमच आहेत. हात बसवायला त्यांच्यासारखे साधन नाही. पण किटच्या पेटीत दुसऱ्या कोणीतरी आधीच मोजून ठेवलेले जहाज असते. आपले जहाज कोणी मोजले होते का, हा माझा प्रश्न होता.

मराठ्यांच्या कागदांत शोधावे तर आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. रामचंद्रपंत अमात्यांची दृष्टी किती बारीक होती ते त्यात दिसते. गुराबा, म्हणजे लढाऊ गलबते, फार थोर नकोत, फार लहान नकोत. सागवान परवानगीने तोडावे. आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. धोरण म्हणून याला तोड नाही. पण पुढच्या टोकाच्या लाकडाचा म्हणजे नाळेचा कल किती, तळाचा कणा म्हणजे पठाण किती हात, बरगड्या म्हणजे वाक किती अंतरावर, हे त्यात असण्याचे कारणच नव्हते. ते सुतारांच्या हातात होते. 1880 साली निघालेल्या रत्नागिरी-सावंतवाडीच्या गॅझेटियरमध्ये किनाऱ्यावरच्या तारवांचे प्रकार वाचायला मिळतात, तेही शब्दांत. शब्दांवरून फळी कापता येत नाही.

कागद असला की जहाजाचे नशीब कसे पालटते, याचा दाखला मुंबईच्या गोदीतच आहे. जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका 1817 साली पाण्यात उतरली. तिचे आराखडे इंग्लंडहून 'जावा' या जहाजाने निघाले होते. डिसेंबर 1812 मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने 'जावा'चा पाडाव केला आणि आराखडे तिच्याबरोबर गेले. मग नवे पाठवावे लागले आणि तोवर काम खोळंबले. एवढे कागदावर अवलंबून असलेले ते सागवानी जहाज आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे आणि त्याचे मॉडेल करायला कोणालाही अडचण पडत नाही. त्याच काळात, त्याच सागवानातून, तितक्याच कसबी हातांनी कोकणच्या खाड्यांत बांधलेल्या फत्तेमाऱ्या मात्र सरपणाला गेल्या. कसब दोन्हीकडे होते. फरक पडला तो कागदाने.

तरीही फत्तेमारी मोजली गेली होती. पहिला मोजणारा जॉन एडी. हा सिलोनमधल्या त्रिंकोमाली बंदराच्या ब्रिटिश गोदीतला मुख्य जहाजबांधणीकार. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात 1834 साली त्याचा कोरोमंडल, मलबार आणि सिलोनच्या देशी नौकांवरचा लेख आकृत्यांसह आला. मोठ्या फत्तेमारीचे माप तो देतो: लांबी 76 फूट 6 इंच, रुंदी 21 फूट 6 इंच, वजन पेलण्याची ताकद सुमारे 200 टन. एडीची नजर गोदीवाल्याची आहे. किती माल, किती लाकूड, काय उपयोग, एवढ्यावर ती थांबते.

दुसरा मोजणारा भेटला आणि माझा शोध तिथेच रेंगाळला. फ्रांस्वा-एदमों पारिस. जन्म पॅरिसमध्ये, 1806. फ्रेंच नौदलातला हा तरुण अधिकारी तीन वेळा पृथ्वीप्रदक्षिणेला गेला: दुमाँ द्युर्व्हिलबरोबर 'अ‍ॅस्ट्रोलाब'वर, मग लाप्लासबरोबर 'फाव्होरीत'वर आणि पुन्हा लाप्लासबरोबरच 'आर्तेमीज'वर. प्रवासात बाकीचे अधिकारी समुद्राची खोली मोजत, किनाऱ्यांचे नकाशे काढत. पारिस ती कामे करून उरलेल्या वेळात बंदरातल्या देशी होड्यांकडे जाई आणि त्या मोजून काढी. युरोपातल्या जहाजांसाठी जी शिस्त पाळली जाते, तीच एखाद्या कोळ्याच्या डोणीलाही: बाजूचा उभा छेद, वरून दिसणारा अर्धा आराखडा, पुढून-मागून घेतलेले आडवे छेद. शिवाय शीड, दोर, नांगर, वल्ही आणि कोणती फळी कशी जोडली ते.

1838 साली 'आर्तेमीज'च्या सफरीत, पुद्दुचेरीच्या बाजूला एक ओतशाळा पाहताना यंत्राच्या दात्यांत सापडून त्याचा डावा हात गेला. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. पुढची पंचावन्न वर्षे त्याने एका हाताने काम केले. 1841 ते 1843 या काळात त्याचा युरोपाबाहेरच्या लोकांच्या नौकाबांधणीवरचा ग्रंथ निघाला. त्यात शंभराहून अधिक मोठ्या आकाराचे फलक आहेत आणि त्यांत आपल्या किनाऱ्याची फत्तेमारी आहे.

या माणसाची खरी ओळख त्याच्या दुसऱ्या कामातून पटते. पारिस वाफेच्या जहाजांचा जाणकार होता. आगबोटीवरच्या यंत्रचालकांसाठी त्याने पाठ्यपुस्तक लिहिले. बॉनफू या सहलेखकाबरोबर शिडाच्या आणि वाफेच्या नौकानयनाचा मोठा कोश केला. शिडांचे दिवस भरत आले आहेत, हे त्याच्याइतके स्पष्ट फार थोड्यांना दिसले असेल, कारण ते संपवणारे यंत्र त्याला आतून बाहेरून ठाऊक होते. माझ्या मते म्हणूनच त्याला मोजण्याची घाई होती. पुढे व्हाइस अ‍ॅडमिरल होऊन निवृत्त झाल्यावर, 1871 पासून 1893 साली मृत्यू येईपर्यंत, तो लूव्हरमधल्या नौदल संग्रहालयाचा प्रमुख होता. तिथे त्याने तरुणपणी काढलेल्या आराखड्यांवरून प्रतिकृती करवून घेतल्या. जी होडी मोजली ती पुन्हा तीन मितींत उभी केल्याशिवाय त्याला काम पुरे झाले असे वाटले नाही. प्रतिकृतीकारांचा आद्यपुरुष म्हणून मला कोणाचे नाव घ्यायचे असेल, तर ते याचे.

2010 साली पॅरिसच्या नौदल संग्रहालयाने त्याच्यावर मोठे प्रदर्शन भरवले. त्याचे फलक आता घरबसल्या संगणकावर पाहता येतात. अशा आराखड्यावर नजर स्थिरावली की फत्तेमारीचा स्वभाव कळू लागतो. नाळ लांबवर पुढे झेपावलेली. डोलकाठ्या सरळ उभ्या नाहीत, पुढे कललेल्या. त्यांवर तिरक्या परभाणांना, म्हणजे शिडाच्या काठ्यांना, बांधलेली त्रिकोणी शिडे. पाण्याखालचा पुढचा भाग खोल. ही सारी ठेवण उगाच नाही: नाळेकडचा खोल भाग पाण्याला धरून ठेवतो, त्यामुळे वारा बाजूने आला तरी गलबत आडवे फारसे सरकत नाही. पाण्याच्या रेषा, म्हणजे वेगवेगळ्या पातळीवर गलबताच्या अंगाचा आकार दाखवणाऱ्या रेषा, एकाखाली एक पाहत गेले की सुताराने डोळ्याने साधलेला बाक कागदावर उमटलेला दिसतो.

अशा मोजणीवर अभ्यासकांत एक जुना वाद आहे. ज्या नौका आराखड्याविना बांधल्या, त्यांना युरोपीय आराखड्यात बसवणे म्हणजे त्यांच्यावर परकी शिस्त लादणे, असा आक्षेप घेतला जातो. आपला मेस्त्री पठाण बसवतो, नाळ उभी करतो आणि पुढचे डोळ्याने ठरवतो. त्याच्या मनात आडवे छेद नसतात. आक्षेप खोटा नाही. पारिसचा आराखडा वाचून मेस्त्रीच्या मनातला क्रम कळत नाही. पण हा आक्षेप घेणाऱ्यांनी त्याच्या जागी दुसरे काही ठेवले नाही. ज्यांची माणसे गेली आणि लाकूडही गेले, त्या नौकांचा आकार तरी आज आपल्या हाती आहे, तो पारिससारख्यांनी मोजला म्हणूनच. मी बिनदिक्कत मोजणाऱ्यांच्या बाजूचा आहे.

दोन उदाहरणे या बाजूने ठेवतो. कॅनडात एडविन टॅपन अ‍ॅडनीने 1887 पासून तिथल्या आदिवासींच्या भूर्जसालीच्या होड्या अभ्यासल्या आणि 1:5 प्रमाणात शंभराहून अधिक प्रतिकृती केल्या. त्याच्या टिपणांवरून 1964 साली निघालेले पुस्तक आजही त्या होड्या नव्याने बांधणाऱ्यांच्या हाताशी असते. दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे. अजिंठ्यातल्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून बेतलेली 'कौंडिण्य' ही शिवलेल्या फळ्यांची नौका गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या होडी इनोव्हेशन्सने बांधली. बाबू शंकरन हे केरळचे मेस्त्री त्यात प्रमुख होते. मूळ आराखडा नव्हताच, म्हणून नौदलाने आधी आकार ठरवला आणि मद्रासच्या आयआयटीत तिच्या मॉडेलची पाण्यात चाचणी घेतली. मे 2025 मध्ये ती कारवारला नौदलात दाखल झाली. छोटी नौका आधी तरली, मग मोठी.

आता ज्याला चाळिशी-पन्नाशीत हे सुरू करायचे आहे त्याच्यासाठी. 'व्हिक्टरी'च्या एकशे चार तोफांपासून सुरुवात करू नये. दोर बांधतानाच हुरूप संपतो. फत्तेमारीला दोन डोलकाठ्या आणि मोजके दोर. एडीच्या मापाची फत्तेमारी इंचाला चार फूट, म्हणजे 1:48 प्रमाणात धरली तर साधारण 48 ते 49 सेंटिमीटर होते. इंचाला आठ फूट धरली तर चोवीस. पहिल्या खेपेस 1:48 बरे, कारण दोन इंची फळी त्यात एक मिलिमीटरची होते आणि तेवढी पट्टी हाताने कापता येते. साडेपाच फुटी तांडेल साडेतीन सेंटिमीटरचा होतो, म्हणजे त्याच्या हातात सुकाणूही देता येते.

आराखडा छापून घेतला की त्यावरची मापपट्टी पहिल्यांदा मोजावी. छापताना कागद ताणतो किंवा आकसतो. फलकावर लिहिलेल्या प्रमाणापेक्षा त्या पट्टीवर विश्वास ठेवावा. पारिसचे माप मीटरमध्ये, एडीचे फुटात, हेही ध्यानात असू द्यावे. मग थर पद्धत: पाण्याच्या प्रत्येक रेषेचा आकार एकेका पातळ फळीवर उतरवून कापायचा, थर एकमेकांवर चिकटवायचे आणि पायऱ्या घासून बाक काढायचा. लाकूड शिवणीचे मिळाले तर उत्तम. ते मऊ असून रेषा सोडत नाही. फळ्या जोडून पोकळ गलबत करणे हे दुसऱ्या मॉडेलचे काम.

रत्नागिरीत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि परदेशी पुस्तकांत या हवेचा विचार नसतो. जून-जुलैत पांढरा डिंक सुकायला दुप्पट वेळ घेतो. लॅकर फवारले तर हवेतली ओल पृष्ठभागावर धरून पांढरट झाक येते. सुती दोरा दमट हवेत आखडतो आणि दिवाळीनंतर सैल पडतो, म्हणून ताणायचे दोर पॉलिएस्टरचे घ्यावेत आणि त्यांना मेण लावावे. लाकूडकाम थंडीत, रंग फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पावसाळ्यात फक्त कागदावरचे काम, हे वेळापत्रक इथल्या हवेला मानवते.

पावसाळ्यातले हे कागदकाम टेबलावर बसून करायचे नाही. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वाळूवर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात. पारिसला बंदरात जी सवड चोरावी लागे, ती आपल्याला सरकारी आदेशाने मिळते. लाकडी होड्या आता कमी होत चालल्या आहेत, फायबरच्या वाढत आहेत. जी उरली आहे ती मोजायला हवी. नाखव्याची परवानगी घ्यावी आणि काय करतो आहोत ते त्याला नीट सांगावे. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत मधोमध सुतळी ताणावी. तिच्यावर दर फुटाला खूण करावी. प्रत्येक खुणेशी ओळंबा सोडून ठरावीक उंचीवर होडीच्या अंगापर्यंतचे आडवे अंतर घ्यावे आणि आलेखाच्या कागदावर लिहावे. दोन्ही बाजू मोजाव्यात. हाताने बांधलेल्या होडीच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतात, आणि तो फरक हाच त्या मेस्त्रीचा हस्ताक्षरासारखा पुरावा असतो. घरी येऊन ते बिंदू जोडले की आराखडा तयार. त्यावर गावाचे नाव, तारीख, लाकूड आणि ज्याने बांधली त्या मेस्त्रीचे नाव लिहावे. पारिसच्या फलकांवर हे शेवटचे नाव नाही. त्याच्या कामात मला जाणवलेली ती एकच उणीव आहे आणि ती भरून काढणे आपल्या हातात आहे.