परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील

गणपती किंवा दिवाळी जवळ आली की मंडळांच्या, वाचनालयांच्या फलकावर निबंध आणि छायाचित्र स्पर्धेची सूचना लागते. विषय, शब्दमर्यादा, शेवटची तारीख आणि तळाशी ते ठरलेलं वाक्य. निकालानंतर वाद होतो तो बहुधा सूचनेत लिहायचं राहून गेलेल्या गोष्टीवरून.

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ साली फाटकावरून झेप घेणारा लांडगा पहिला आला. २०१० च्या जानेवारीत तो बाद ठरला. लांडगा पाळीव असावा, असं परीक्षकांचं मत झालं. छायाचित्रकाराने ते नाकारलं. पण शिकवलेले प्राणी चालणार नाहीत, हे नियमात आधीच होतं, म्हणून आयोजकांचं निभावलं. २०२३ मध्ये सोनीच्या स्पर्धेत बोरिस एल्डागसेन यांनी जिंकलेलं बक्षीस स्वतःच नाकारलं: चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेलं होतं. पुढच्याच वर्षी उलटा प्रकार घडला. एका स्पर्धेच्या एआय विभागात माइल्स अॅस्ट्रे यांनी फ्लेमिंगोचा अस्सल फोटो घुसवला आणि बक्षीसही मिळवलं. खरेपणाबद्दल फोटो बाद होण्याची ही गंमतच.

यावर साधा उपाय म्हणजे मूळ फाइल मागवणे. वर्ल्ड प्रेस फोटोने २०१५ मध्ये ती तपासली तेव्हा उपांत्य फेरीतल्या सुमारे २० टक्के प्रवेशिका गळाल्या. गल्लीतल्या स्पर्धेत मात्र फोटो येतात व्हॉट्सअॅपवर. तिथे फोटो म्हणून पाठवला की चित्र आक्रसतं आणि तारीख, कॅमेरा वगैरे तपशील पुसला जातो. 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' एवढी एक ओळ सूचनेत हवी.

निबंधांची अडचण निराळी. नावावर पट्टी चिकटवून भागत नाही. सोसायटीत अक्षर ओळखू येतं. कुणीतरी एकाने सगळे निबंध टाइप करून घ्यावेत.

आणि मग गुणांची बेरीज. एक परीक्षक सगळ्यांना ६० ते ७० देतो, दुसरा २० पासून ९० पर्यंत. दोघांचे गुण मिळवले की निकाल जवळजवळ दुसऱ्याचाच लागतो, पहिला नावापुरता. त्यापेक्षा दोघांनी आपापले क्रम लावावेत आणि वरच्या आठ-दहा निबंधांवर समोरासमोर बसून भांडावं. चहा आयोजकांचा.

'प्रवेशिकांचे सर्व हक्क मंडळाकडे' हे वाक्यही सर्रास छापतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी व्हावं लागतं, मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांपुरतंच धरतात. मंडळाला फोटो स्मरणिकेत छापायचा असतो. तेवढीच परवानगी मागितली तरी पुरते.